पाला, काडी आणि भोकांची पट्टी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

श्रावण तोंडावर आला की पालेभाज्यांच्या जुड्या घरात येतात आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. यंदा बऱ्याच जणांनी एकाच वस्तूबद्दल विचारलं आहे: पानं काडीपासून ओढून वेगळी करणारी भोकांची पट्टी. दुकानात ती ‘हर्ब स्ट्रिपर’ या नावाने मिळते. तिच्या जोडीला विळी, पाच पात्यांची कात्री, अळूच्या शिरा आणि भाजी निवडून दुखणारे अंगठे, असेही प्रश्न आहेत. काही उत्तरांत काडी मोडून बघायला सांगितलेलं दिसेल. त्याचं कारण पहिल्याच उत्तरात आहे.

प्रश्न: स्टीलची भोकं असलेली पट्टी मागवली. मेथीची काडी भोकात घालून ओढली की दर वेळी मधेच तुटते. पट्टी वाईट आहे की माझी पद्धत चुकते? (कोल्हापूर)

पट्टीही वाईट नाही आणि तुमची पद्धतही चुकत नाही. मेथी हे या पट्टीचं काम नव्हे.

पट्टीचं काम एका साध्या तत्त्वावर चालतं. काडी ओढल्यावर दोन ठिकाणी ताण येतो: काडीवर, आणि पान काडीला जिथे चिकटलेलं असतं त्या सांध्यावर. सांधा आधी सुटला तर पान बाजूला पडतं. काडी आधी तुटली तर हातात तुकडा राहतो आणि निम्मी पानं पट्टीच्या पलीकडे अडकतात. म्हणून जिथे काडी चिवट आणि सांधा कमकुवत, तिथेच पट्टी चालते. रोझमेरी आणि थाइम हे परदेशी सुगंधी पाले, कढीपत्ता, शेवगा आणि जून अंबाडी त्या गटात बसतात. केल या कोबीच्या जातीतल्या पालेभाजीचं पान थोडं वेगळं आहे. तिथे मधली जाड शीर काडीचं काम करते आणि पानाचा मऊ भाग तिच्यापासून फाटून निघतो.

मेथीची काडी कोवळी, पाणीदार आणि आतून पोकळसर असते. तीन पानांचा गुच्छ मात्र आपल्या बारीक देठाने तिला घट्ट धरून बसतो. तिथे काडीच आधी हार मानते. शेपू, कोथिंबीर, तांदुळजा आणि कोवळा चाकवत यांचंही असंच.

कुठलीही भाजी हातात आली की काडी बोटांनी वाकवून बघा. ‘कट्’ असा आवाज होऊन ती साफ मोडली, तर कोवळी आहे. ती पानासकट खुडायची किंवा चिरायची, ओढत बसायचं नाही. वाकली पण मोडली नाही, किंवा मोडल्यावर दोन तुकड्यांच्या मधे दोरा लोंबत राहिला, तर ती जून आहे. ही काडी भाजीत गेली तर घासाघासाला दाताखाली येईल. पट्टी, झारा किंवा चिमटीने ओरबाडणं हे सगळं फक्त या दुसऱ्या काडीसाठी.

मेथीच्या एकाच काडीत दोन्ही प्रकार सापडतात, वरचा भाग कोवळा आणि खालचा जून. साफ मोडते तिथपर्यंत वरचा शेंडा पानासकट घ्या. त्याखालच्या भागावरची पानं मात्र एकेक खुडावी लागतात. त्याला दुसरा उपाय नाही.

प्रश्न: आमच्याकडे रोझमेरी, थाइम आणि केल नेहमी असतं. पट्टीला सात-आठ वेगवेगळ्या मापांची भोकं आहेत. कुठलं भोक कशासाठी, आणि काडी कुठल्या टोकाने घालायची? (न्यू जर्सी)

ही पट्टी मुळात तुमच्यासारख्या स्वयंपाकघरासाठीच बनली आहे, त्यामुळे तिचा पूर्ण उपयोग तुम्हालाच होईल.

भोक असं निवडा की काडीचा जाड बुंधा सहज जाईल, पण काडीवर दुमडलेलं पान सोबत जाणार नाही. थाइमला साधारण 2 मिलिमीटर, रोझमेरीला 3 ते 4, आणि केलच्या देठाला त्याच्या जाडीप्रमाणे 8 ते 10. भोक मोठं झालं तर पानं काडीला चिकटून मिटतात आणि तशीच पलीकडे सरकतात. लहान झालं तर काडीची सालच सोलली जाते. रोझमेरीत साल निघायला लागली की हिरव्या सुयांमध्ये तपकिरी धागे दिसतात. तसं दिसलं की एक माप मोठं भोक घ्या.

काडीचं जाड, कापलेलं टोक आधी भोकात घाला. पट्टी भांड्याच्या काठावर आडवी टेकवा, डाव्या हाताने ती दाबून धरा आणि पलीकडे आलेलं टोक उजव्या हाताने सरळ रेषेत, एका दमात ओढा. झटका नको. तिरकं ओढलं की भोकाच्या कडेवर काडी कापली जाते. शेवटचा इंचभर शेंडा बहुतेक वेळा तुटून मागे राहतो. तो कोवळाच असतो, पानांबरोबर तसाच चिरा.

हाताने करताना दिशा उलटी. शेंडा एका हातात धरायचा आणि दुसऱ्या हाताची चिमूट बुंध्याकडे ओढायची. पानं शेंड्याकडे झुकलेली असतात. त्यांना मागे वाकवलं की ती सांध्यातून सुटतात. बुंध्याकडून शेंड्याकडे बोटं फिरवली तर पानं नुसती मिटतात आणि बोटं वरून घसरतात. पट्टीत ही अडचण येत नाही, कारण तिचं भोक बोटांसारखं मऊ नसतं. मिटलेल्या पानालाही ते वाट देत नाही.

थाइमच्या काड्या फार बारीक असल्या तर पट्टीच्या नादी लागू नका. जुडी पिशवीत घालून फ्रीझरमध्ये पूर्ण गोठवा आणि पिशवीवरूनच लाटणं फिरवा. गोठलेली पानं झडून खाली पडतात, काड्या वरून उचलून टाकता येतात. ही पानं शिजवण्यासाठीच वापरा. वरून भुरभुरवायला ती चालत नाहीत, कारण गोठ सुटताच मऊ पडतात. सूप किंवा रस्सा असेल तर तेवढंही नको. आख्खी काडी सोडा आणि शेवटी काढून घ्या.

केलची कोवळी पानं आख्खी चिरली तरी चालतात. देठ करंगळीइतका जाड झाला की मात्र तो वेगळा काढावाच. तो फेकू नका, बारीक चकत्या करून पानांच्या पाच-सात मिनिटं आधी फोडणीला टाका.

रोझमेरीचा चीक पट्टीवर चिकटून काळपट थर बसतो आणि नुसत्या साबणाने जात नाही. आधी तेलाचं बोट फिरवा, मग साबण. भोकं बाटली धुण्याच्या बारीक ब्रशने साफ करा.

प्रश्न: एवढ्याशा कामासाठी वेगळी पट्टी घ्यायची इच्छा नाही. घरातलं काही चालेल का? (सातारा)

चालेल. सोऱ्या आहे ना घरात? त्याच्या चकत्या काढा. बारीक शेव, जाडी शेव, गाठी अशी वेगवेगळ्या मापांची गोल भोकं असलेली ही चकत्यांची रास म्हणजे जवळजवळ तीच पट्टी. बारीक शेवेच्या चकतीत भाजीची काडी जात नाही. जाड्या शेवेच्या चकतीत कढीपत्त्याची काडी ओढता येते आणि गाठींच्या चकतीत त्याहून जाड. चकती लहान असल्याने हातातून सटकते, म्हणून वाटीच्या तोंडावर ठेवून अंगठ्याने दाबून धरा. बुंदीचा झारा त्याहून सोयीचा, कारण त्याला दांडा असतो आणि तो पातेल्याच्या काठावर टेकतो.

आधी भोकाच्या कडेवरून बोट फिरवा. झाऱ्याला एका बाजूने भोकं पाडलेली असतात, त्यामुळे दुसऱ्या बाजूला कधी कधी धारदार कड राहते. ज्या बाजूने काडी आत शिरते ती बाजू गुळगुळीत हवी. धारेची बाजू तिकडे आली तर काडी कापली जाते, तेव्हा झारा उलटा करा. नवी पट्टी विकत घेतानाही हेच बघायचं: दोन्ही बाजूंनी कड गोलसर घासलेली आहे का, आणि पत्रा ओढताना वाकत नाही ना. सात-आठ भोकं असली म्हणून पट्टी चांगली असं नाही. आपल्या स्वयंपाकघरात बारीक दोन-तीन भोकांचंच काम पडतं.

पितळी किंवा ॲल्युमिनियमची चकती असेल तर अंबाडी, चुका अशी आंबट पानं तिच्यातून ओढू नका. स्टीलची घ्या.

प्रश्न: गोकुळाष्टमीला शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी करतो. पाला निवडायला दोघींचे दोन तास जातात आणि तरी बारीक काड्या भाजीत येतातच. (मालवण)

शेवग्याचं पान दिसतं तसं साधं नसतं. आपण ज्याला डहाळी म्हणतो ते खरं तर एकच मोठं पान आहे. मधे एक मुख्य दांडी, तिला दोन्ही बाजूंनी उपदांड्या, आणि त्यांच्यावर नखाएवढी पानं. मुख्य दांडीच भोकात घालून ओढली तर उपदांड्या पानांसकट तुटून पडतात. भाजीत येणाऱ्या काड्या त्याच.

म्हणून दोन पायऱ्यांत करा. आधी मुख्य दांडीवरच्या उपदांड्या हाताने मोडून वेगळ्या करा. त्या बुंध्याशी सहज सुटतात. मग चार-पाच उपदांड्यांचे शेंडे एकत्र चिमटीत धरून दुसऱ्या हाताने बुंध्याकडे ओरबाडा. अगदी कोवळे शेंडे तसेच घेतले तरी चालतात, पण मोडून बघून.

वेळ असेल तर याहून सोपा मार्ग आहे, आणि तो निम्मं काम वाचवतो. आदल्या संध्याकाळी डहाळ्या न धुता, कोरड्या, सुती कापडात किंवा वर्तमानपत्रात सैलसर गुंडाळून ओट्यावर ठेवा. फ्रिजमध्ये नको. तोडलेला पाला स्वतःच पानं गाळायची तयारी करतो. पानाच्या सांध्याशी पेशींचा एक पातळ थर सैल होतो. गुंडाळून ठेवल्यावर पानांनीच सोडलेला इथिलिन वायू आत कोंडतो आणि हे गळणं लवकर होतं. सकाळी पुडकं उघडून परातीवर डहाळ्या झटकल्या की बहुतेक पानं खाली पडतात. मग ती मोठ्या भोकांच्या चाळणीतून हलवा. पानं खाली जातात आणि मोडलेल्या काड्या बऱ्याचशा वर राहतात.

इथे दोन चुका होतात. डहाळ्या ओल्या गुंडाळल्या तर पानं चिकट होऊन काळी पडतात. आणि एक रात्र पुरते, दोन रात्री ठेवल्या तर पाला पिवळा पडायला लागतो. गळलेला पाला लगेच धुऊन त्याच दिवशी करायचा.

प्रश्न: आमचा बचत गट शेवग्याच्या पाल्याची पूड करतो. ओला पाला निवडूनच वाळवायला हवा का? (सोलापूर जिल्हा)

नाही. उपदांड्यांसकट वाळवा. स्वच्छ धुऊन, पाणी पूर्ण निथळून, सावलीत जाळीवर पातळ पसरा, म्हणजे खालूनही वारा लागेल. पान चुरल्यावर कुरकुरीत मोडेपर्यंत वाळलं की डहाळी जाळीवर हलक्या हाताने घासा. पानं गळून खाली पडतात, काड्या हातात राहतात. पूड केल्यावर बारीक चाळणीने चाळा. वर जो धागेदार चोथा राहतो तो काड्यांचा, तो परत दळून पुडीत मिसळू नका. उन्हात वाळवलं तर काम लवकर होतं, पण हिरवा रंग उतरतो. पान जरा जरी लवचीक राहिलं आणि पूड डब्यात भरली, तर ती गोळा धरते आणि बुरशी येते.

प्रश्न: कढीपत्त्याची पानं एकदम ओरबाडून डबा भरून ठेवते, पण आठवड्यात काळी पडतात. (ठाणे)

ओरबाडणं थांबवा, नासणं कमी होईल. पान सुटतं तिथे उघडी जखम राहते. तिथून पाणी जातं आणि पान तिथूनच काळं पडायला लागतं. काडीसकट ठेवलेला कढीपत्ता जास्त टिकतो. काड्या धुतल्या असतील तर कापडावर पसरून पूर्ण कोरड्या होऊ द्या, मग कागद घातलेल्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. रोज लागेल तेवढीच काडी काढा, शेंडा धरा आणि बुंध्याकडे एक ओढ द्या. पानं एका क्षणात वाटीत पडतात. यासाठी कुठल्याच हत्याराची गरज नाही.

फोडणीत टाकण्यापूर्वी पान पुसून घ्या, नाहीतर तेल अंगावर उडतं.

प्रश्न: आईला अंगठ्याच्या सांध्याचा त्रास आहे. मेथी, अंबाडी निवडल्यावर हात दुखतो. तरी ती काम सोडत नाही. अंगठ्यात घालायच्या पात्याचा उपयोग होईल का? (नागपूर)

पान खुडताना अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांवर आपण जेवढा दाब देतो, त्याच्या कितीतरी पट अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर पडतो. तोच दाब शेकडो वेळा पडला की हात दुखणारच. म्हणून चिमूट मारण्याची संख्या कमी करणं हा खरा उपाय.

अंगठ्यात घालायच्या सिलिकोनच्या टोपीला पुढे एक छोटं पातं असतं. नखाऐवजी पातं देठ कापतं, त्यामुळे जोर कमी लागतो. पण ते पातं तर्जनीवरच येऊन टेकतं. म्हणून तर्जनीतही जाड टोपी हवी, बहुतेक संचांत ती असते. टोपी सैल असेल तर पातं फिरतं आणि बोट कापतं. बोटं ओली असतानाही ती घसरते. आईंच्या बोटाच्या मापाची मिळाली तरच वापरू द्या. बोटं बधिर होण्याचा त्रासही असेल तर अजिबात नको.

आम्ही त्यांच्यासाठी स्प्रिंगची कात्री निवडू. ती आपोआप उघडते, त्यामुळे हाताला फक्त मिटण्याचं काम राहतं. ती अंगठा-तर्जनीने नव्हे, सगळ्या मुठीने दाबता येते. मेथीची काडी परातीवर आडवी धरायची आणि कोवळा शेंडा एका कापात वेगळा करायचा. खालची पानं देठाशी कापायची. अंबाडीची पानंही कात्रीनेच कापावीत. काही जातींच्या खोडावर आणि देठावर बारीक काटे असतात आणि हाताने ओरबाडताना ते टोचतात.

बसण्याची जागाही बदलून बघा. जमिनीवर विळीपुढे वाकून बसण्यापेक्षा टेबलावर, कोपर टेकवून काम केलं तर खांद्यालाही आराम मिळतो. जुडी एकदम संपवायची नाही. पंधरा मिनिटं निवडायची आणि हात सैल सोडायचा. दुखणं रात्रीही राहत असेल किंवा अंगठ्याच्या मुळाशी सूज दिसत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न: खानावळीत रोज दहा किलो मेथी लागते. दोन बायका सकाळभर तेवढंच करतात. यंत्र घ्यावं का? (पुणे)

दहा किलोसाठी यंत्राआधी क्रम बदला. जुडी सोडून एकेक काडी उचलणं ही घरची पद्धत आहे. मोठ्या प्रमाणावर जुडी बांधलेलीच ठेवा.

मुळं एका रेषेत येतील अशी जुडी फळीवर आपटून सारखी करा. एक काडी काढून मोडून बघा आणि ती साफ मोडायला लागते त्या उंचीवर, सगळी जुडी एकाच कापात कापा. मोठी सुरी किंवा विळी, दोन्ही चालतात. मुळं, माती आणि जून काड्या एका फटक्यात गेल्या. आता बांधणी सोडून वरचा भाग परातीत पसरा आणि फक्त गवत, पिवळी पानं आणि सडलेली पानं वेचा. जुडीच्या मधोमध नीट बघा. ओलं गवत आणि चिखल तिथेच दडलेला असतो. खाली राहिलेल्या जून काड्यांवर थोडी पानं वाया जातात हे खरं, पण ती खुडायला जो वेळ जातो तो त्या पानांच्या किमतीपेक्षा जास्त आहे. मुळासकट आणलेल्या मेथीतून निम्म्याच्या आसपास वजन कढईत जातं, हे धरूनच खरेदी करा. जुडी फार जून असेल तर त्याहूनही कमी.

धुणं चिरण्याआधी. चिरून धुतलं की पानांतला रस पाण्याबरोबर जातो आणि पाण्यात विरघळणारं क जीवनसत्त्वही. मोठ्या टबात भाजी बुडवून हलवा, दोन मिनिटं थांबा आणि भाजी वरून उचलून दुसऱ्या टबात घाला. टब कधीही चाळणीत ओतायचा नाही. खाली बसलेली सगळी वाळू परत भाजीवरच येते. भाजी दातात कचकचते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. दोन पाणी नेहमी लागतात, पावसाळ्यात तीन किंवा चार. शेवटच्या टबाच्या तळाला बोट फिरवा. कचकच लागली तर अजून एक पाणी. मग तिरक्या ठेवलेल्या क्रेटमध्ये निथळू द्या आणि त्यानंतर चिरा.

काड्या वेगळ्या करणारं यंत्र कोवळ्या मेथीत पान चुरतं. चिरणारं यंत्र मात्र घेण्यासारखं आहे, पण पात्याला रोज धार हवी आणि भाजी पूर्ण निथळलेली.

प्रश्न: पाच पात्यांच्या कात्रीने कोथिंबीर कापली की ती ओली, काळपट होते आणि पात्यांत अडकते. (छत्रपती संभाजीनगर)

कोथिंबीर ओली होती. या कात्रीची पाती एकमेकांपासून तीन-चार मिलिमीटरवर असतात. ओलं पान त्या फटीत शिरलं की बाहेर येत नाही. मग पुढचं पान कापलं न जाता दाबलं जातं. दाबलेल्या पेशी फुटतात, आतला रस हवेशी भेटतो आणि पान काळं पडतं. पुदिना आणि तुळशीच्या जातीच्या पानांत हे आणखी लवकर होतं. बोथट सुरीनेही हेच घडतं, आणि चांगल्या सुरीने पुन्हा पुन्हा टोचत बारीक करत बसलं तरीही.

म्हणून धुतल्यावर कोरडं करणं हे निम्मं काम. सॅलड स्पिनर असेल तर त्यात निम्म्यापेक्षा थोडीच जास्त कोथिंबीर भरा. खच्चून भरली तर पाणी बाहेर पडायला जागाच नसते. फिरवून पाणी ओता आणि पुन्हा एकदा फिरवा. स्पिनर नसेल तर कोथिंबीर सुती पंच्यात बांधा, चारही टोकं मुठीत धरा आणि गॅलरीत पंचा गोल फिरवा. काम तेच होतं.

कोरडी जुडी मुठीत घट्ट धरून शेंड्याकडून कापत या. दोन कापांनंतर सोबत मिळालेल्या फणीने पाती झाडा. ही कात्री कांद्याच्या पातीला आणि कोथिंबिरीला चांगली. पुदिन्याला नको, त्याची पानं खुडून विळीवर एकदाच चिरा.

कोथिंबिरीची पानं काडीपासून वेगळी करायची तर गरजच नसते. कोवळ्या काडीतही भरपूर स्वाद असतो, आणि वाटणात ती पानांइतकीच कामाची. खालच्या दोन बोटं जाड काड्या आमटीला उकळी येताना टाका आणि काढून घ्या. थाई स्वयंपाकात तर कोथिंबिरीची मुळंही लसूण-मिरीबरोबर वाटतात. मुळासकट जुडी मिळाली तर ती धुऊन वाटणात घालून बघाच.

पुदिन्याच्या पानं काढलेल्या काड्याही टाकू नका. वरची दोन पानं ठेवलेली काडी, दोन-तीन गाठी पाण्यात बुडतील अशी पेल्यात उभी करा. आठवडा-पंधरवड्यात मुळं फुटतात.

प्रश्न: अळूवडीसाठी पानाच्या मागच्या शिरा काढताना पान फाटतं. सोलाण्याने केलं तरी तेच. (रत्नागिरी)

सोलाणं इथे चालत नाही. त्याचं पातं ठरावीक खोलीवर जातं आणि शीर जिथे बारीक होते तिथे ते पानातच घुसतं. लहान, पातळ पात्याची सुरी घ्या. पान पालथं, मागची बाजू वर, सपाट ओट्यावर किंवा पाटावर पसरा. सुरीचं पातं पानाला जवळजवळ समांतर ठेवा आणि मधली शीर देठाकडून शेंड्याकडे तासत जा. शीर उपटायची नाही, फक्त फुगलेला भाग पानाच्या पातळीला आणायचा. शेंड्याचा तिसरा हिस्सा तसाच सोडला तरी चालतो, तिथे शीर मऊ असते. बाजूच्या शिरांपैकी फक्त जाड असतील तेवढ्याच तासा. मग लाटणं हलक्या हाताने एकदा फिरवा, म्हणजे राहिलेल्या शिरा चेपतात.

ही मेहनत एवढ्यासाठी की कडक शीर ठेवून पान गुंडाळलं तर तिथे भेग पडते, पीठ बाहेर येतं आणि वडी तळताना सुटते. सकाळी आणलेली पानं ताठ असतात, दुपारपर्यंत किंचित मलूल होऊ दिली तर ती गुंडाळायला सोपी जातात. वडीला काळ्या देठाचा अळू घ्या.

फतफत्यासाठी देठ सोलायचे तर कापलेल्या टोकाला सुरीने साल उचलायची आणि ती धरून खाली ओढायची. साल पट्टीसारखी निघते. हाताला आधी तेल लावा आणि हात कोरडे ठेवा. खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते, ते कातडीत रुततात. तेलाचा थर त्यांना अडवतो. भाजी चिंच घालून पूर्ण मऊ शिजवायची, अर्धवट शिजलेला अळू घशाला खाजतोच.

याच दिवसांत ऋषीची भाजीही होते. तिच्यासाठी माठाचे जाड देठ लागतात. तेही असेच सोलायचे, पण फेकायचे नाहीत, कारण त्या भाजीत देठच महत्त्वाचे. सोलून बोटभर तुकडे करा. तुकडा मोडताना जो दोरा निघेल तो ओढून काढा आणि दोरा निघणं थांबलं की देठ तयार.

प्रश्न: विळीवर अंबाडी चिरली की पातं काळं होतं आणि भाजीही काळपट दिसते. (लातूर)

पातं लोखंडी आहे आणि अंबाडीचा रस आंबट. दोन्ही एकत्र आले की काळा डाग पडतो. चुका आणि कैरीनेही तेच होतं. आंबट पानं स्टीलच्या सुरीने चिरा. विळीचं पातं काळं पडलंच तर चिंचेच्या चोथ्याने आणि राखेने घासा, धुवा, लगेच कोरडं पुसा आणि खोबरेल तेलाचा हात फिरवून ठेवा. ओली विळी उभी करून ठेवली तर पात्याच्या बुडाशी, जिथे ते पाटात बसवलेलं असतं, तिथे पाणी साचतं आणि गंज आतून खात जातो. तिथे एकदा फडकं फिरवायला विसरू नका.